क्षमावाणीचं कार्ड करताना शाईची बाटलीही वाचा



पर्युषण जवळ आलं की आमच्या नेरूळकडच्या ग्रुपवर दोन निरोप हमखास येतात. पहिला, दशलक्षणात कोणत्या दिवशी कोणाकडून पूजा. दुसरा, क्षमावाणीच्या कार्डांचं वर्कशॉप. यंदाचा निरोप परवाच आला. थराथरांचं कार्ड, शाईचं ब्लेंडिंग, सगळं किट मिळून सहाशे रुपये, आणि सगळ्यात सुंदर तीन कार्डांना बक्षीस. खाली पंधरा-वीस जणींचे हात जोडलेले.

मी या वर्कशॉपला जाणार नाही. का नाही, ते आज लिहिते आहे. काहीजणींना राग येईल, हे मला माहीत आहे. पण आधीच सांगते, गेल्या वर्षी असंच एक वर्कशॉप मीच घेतलं होतं. म्हणजे बोट दाखवते आहे ते आधी माझ्याकडेच.

त्या दिवशी हॉलमध्ये सत्तावीस जणी होत्या. मी सगळं नीट शिकवलं. जाड कागद दुमडण्याआधी संपलेल्या बॉलपेनने रेघ ओढायची, म्हणजे घडी फाटत नाही. कागदाचे तंतू ज्या दिशेला असतात त्याच दिशेला घडी घालायची. वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच मिलिमीटर लहान कापायचा, म्हणजे खालचा रंग चौकटीसारखा दिसतो. स्पंजाने शाई कडेकडून आत गोल गोल फिरवत न्यायची, मधोमध थेट टेकवायची नाही, नाहीतर डाग पडतो. फोमच्या चिकटपट्टीने वरचा थर उचलून धरायचा. सगळ्या खूश होत्या. मीही.

मग एका मैत्रिणीची नववीतली मुलगी माझ्याकडे आली. हातात किटमधला ब्रश. “काकू, हा कशाचा आहे?”

“केसांचा,” मी म्हटलं.

“हो, पण कोणाच्या?”

मला उत्तर आलं नाही. तिने मला केस दाखवले. टोकाला गडद, मध्ये फिकट पट्टा, मुळाशी परत गडद. तिच्या शाळेत प्रकल्प होता म्हणून तिला ठाऊक होतं. तो ब्रश मुंगसाच्या केसांचा असावा असं ती म्हणाली. त्याची मी तपासणी केली नाही, त्यामुळे तो तसाच होता असं छातीठोक सांगणार नाही. पण आपल्या देशात मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तरी त्याला मारून ब्रश करण्याचा धंदा वर्षानुवर्षं चालला, हे खरं आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने त्यासाठी देशभर धाडी घातल्या. त्या मोहिमेचं नावच ‘क्लीन आर्ट’ होतं. आणि मी, रोज पाणी गाळून पिणारी, अशा केसांचा असू शकणारा ब्रश सत्तावीस जणींच्या हातात दिला होता. कशासाठी? त्यांनी त्याने ‘उत्तम क्षमा’ लिहावं म्हणून.

त्या रात्री मी किटमधली एकेक वस्तू घेऊन बसले. पुढचे दोन महिने वाचत राहिले. जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

काळी शाई. पाण्याने न पसरणारी जी जुन्या पद्धतीची काळी ड्रॉइंग इंक असते, तिच्यात काजळी धरून ठेवायला लाख वापरतात. लाख म्हणजे फांदीवर बसणाऱ्या किड्यांचा स्राव. ती खरवडून काढताना किडे त्यात जातातच, आणि किलोभर लाखेला किडे लाखांच्या हिशेबात लागतात. दुसरा काळा रंग असतो, ‘आयव्हरी ब्लॅक’ किंवा ‘बोन ब्लॅक’. तो जनावरांची हाडं जाळून करतात. बाटलीवर किंवा ट्यूबवर बारीक अक्षरात रंगाचा क्रमांक असतो. पीबीके ९ असेल तर ती हाडं. पीबीके ६ किंवा ७ असेल तर नुसती काजळी. ‘कार्माइन’ लाल रंगावर एनआर ४ असेल तर तो वाळवलेल्या किड्यांचा. एक पौंड रंगाला सुमारे सत्तर हजार किडे लागतात असं सांगतात.

पुढे कागद. जलरंगासाठीच्या कित्येक महागड्या विलायती कागदांना शाई फुटू नये म्हणून जिलेटिनचा हात दिलेला असतो. जिलेटिन म्हणजे कातडी आणि हाडं उकळून काढलेलं. काही जलरंगांत ओलावा टिकावा म्हणून मध घालतात. संगमरवरी नक्षीचे कागद करताना रंग पाण्यावर पसरावा म्हणून बैलाचं पित्त वापरायची जुनी पद्धत आहे. रिबीन रेशमाची असेल तर ती कशी निघते हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता बघा, श्रावकाच्या आठ मूलगुणांची सुरुवातच मद्य, मांस आणि मधू यांच्या त्यागाने होते. लहानपणी पाठशाळेत हे आपल्याला सगळ्यात आधी शिकवतात. त्यातले मांस आणि मधू आपण क्षमेच्या कार्डात भरून एकमेकींच्या घरी पाठवतो आहोत, आणि आपल्याला त्याची दखलसुद्धा नाही. बिस्किटाच्या पुड्यावर आपण हिरवा ठिपका शोधतो. ठिपका दिसला तरी मागचे घटक वाचतो. शाईच्या बाटलीवर ठिपका नसतो, म्हणून आपण प्रश्नच विचारत नाही.

यावर मला जी उत्तरं मिळाली ती सांगते, कारण तुमच्याही मनात तीच आली असतील.

पहिलं उत्तर, “कागद-शाई काय आपण खातो का?” खात नाही. पण आपल्याकडे पापाचा हिशेब जिभेवर थांबत नाही. कृत, कारित, अनुमोदन. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला मान डोलावली, तिन्ही मोजलं जातं. ब्रश विकत घेणं म्हणजे करवणं. बक्षीस देऊन वाहवा करणं म्हणजे अनुमोदन. घर चालवताना जी आरंभी हिंसा होते, चूल पेटवताना, केर काढताना, ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण कार्ड म्हणजे चूल नव्हे. ते केलं नाही म्हणून घरात कोणी उपाशी राहत नाही. हौसेची हिंसा ‘टाळता येत नाही’च्या खात्यात कशी टाकायची?

दुसरं उत्तर जरा हुशारीचं होतं. “मग महाराजांची पिच्छी? ती मोराच्या पिसांचीच ना?” हो. पण मोराने आपणहून टाकलेली पिसं ती, आणि पिच्छी हे जीवरक्षणाचं उपकरण आहे. बसण्याआधी जागा हलक्या हाताने झाडायची, मुंगीलाही धक्का लागू नये म्हणून. कार्डावर चिकटवलेलं पीस कोणाला वाचवतं? ते कोणत्या पक्ष्याचं, कसं मिळालं, हे तरी आपल्याला माहीत असतं का?

तिसरं उत्तर माझ्या घरातूनच आलं, माझ्या मुलाकडून. “आई, कार्डच कशाला? व्हॉट्सॲपवर पाठव. झाडं वाचतील.” याच्याशी मी जास्त भांडले, कारण हे ऐकायला सगळ्यात धार्मिक वाटतं.

क्षमावाणीच्या सकाळी माझ्या फोनवर गेल्या वर्षी एकशे चाळीस निरोप आले. बहुतेकांत एकच चित्र, तेच कमळ, तोच हात जोडलेला मजकूर, “जाणते-अजाणतेपणी काही चूक झाली असल्यास”. मी पण तसलाच एक सगळ्यांना ढकलला होता. ज्यांचा कधी शब्दानेही अपराध केला नाही त्यांना गेला, आणि जिचा केला होता तिलाही गेला. तिला इतरांइतकाच. ही क्षमायाचना नाही. हे हजेरी लावणं आहे.

आणि हाताने लिहून क्षमा मागणं ही विलायतेतून आलेली फॅशन आहे असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. बाजारात विकायचं पहिलं नाताळचं कार्ड लंडनला १८४३ मध्ये छापलं गेलं. त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी आपल्या श्वेतांबर बंधूंकडे विज्ञप्तिपत्रं लिहिली जात होती. संघाने आचार्यांना पाठवलेली लांबच लांब गुंडाळीपत्रं ती. त्यात वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची, चातुर्मासाला आमच्या गावी या म्हणून विनंती करायची, आणि गावाची चित्रं काढायची. १६१० मधलं आग्र्याच्या संघाचं पत्र प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने ते रंगवलं, विजयसेनसूरींना ते पाठवलं गेलं, आणि जहांगीर बादशहाने पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या बंद ठेवण्याचं फर्मान काढलं तो प्रसंग त्यात चितारला आहे. म्हणजे सुंदर कागद, शाई, चित्रं, क्षमा आणि अहिंसा हे सगळं एकाच पत्रात होतं. सुंदर करण्यात दोष नाही. सुंदरतेखाली काय दडलं आहे हे न बघण्यात दोष आहे.

आपल्या दिगंबर परंपरेतही लिहिणं हा साधनेचाच भाग. कारंजा लाडला आपले केवढे ग्रंथभांडार आहेत. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर षट्खंडागम शतकानुशतकं जपला गेला, आणि त्याचा पहिला खंड छापून बाहेर पडला तो १९३९ मध्ये, आपल्या अमरावतीहून, प्राध्यापक हिरालाल जैनांच्या कष्टाने. श्रुतपंचमीला आपण ग्रंथांना नवं वेष्टन घालतो ते याच आठवणीने. कागदावरच्या जुन्या पोथ्यांची शाई कसली असायची? दिव्याची काजळी आणि झाडाचा डिंक, तासन् तास घोटलेला. शेकडो वर्षांनीही ती अक्षरं काळीभोर आहेत. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखकू काही वेळा लिहून ठेवायचे की पाठ-मान मोडून हे लिहिलं आहे, चुकलं असेल तर सांभाळून घ्या. बघा, त्यांचीही क्षमावाणीच.

झाडांचं म्हणाल, तर हातकागदाला झाड लागतच नाही. तो सुती चिंध्यांचा आणि कापडाच्या कातरणांचा होतो. आपल्या महाराष्ट्रात दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, तिथे पिढ्यानपिढ्या कागद होत आला. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता. पुण्यात शिवाजीनगरला हातकागदाची संस्था १९४० पासून आहे. खादी भांडारातही हा कागद मिळतो. फक्त विचारून घ्या, खळ पिठाची की जिलेटिनची. आणि त्याहून सोपं सांगू? लग्नसराईत घरी आलेल्या पत्रिका. जाड, रंगीत, सोनेरी. वरच्या थरांसाठी याहून चांगला कागद सहाशे रुपयांच्या किटमध्येही नसतो.

पत्रिकांवरून एक राहून गेलं ते बोलतेच. कार्डावर भगवंतांचं चित्र आणि णमोकार मंत्र छापणं, कापणं, चिकटवणं बंद करा. भाद्रपदात आलेलं कार्ड दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातं. मग त्यावरचे महावीर भगवान कुठे जातात? एकदा मी रद्दीवाल्याच्या गोणीत बघितलं आहे. विनय शिकवायला आपण मुलांना पाठशाळेत पाठवतो आणि अविनय घरी, स्वतःच्या कात्रीने करतो. फूल काढा, डोंगर काढा, नुसती रेघ काढा.

आता मी काय करते ते सांगते. नुसतं ‘नको नको’ म्हणणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही.

शाई घरी करते. तिळाच्या तेलाचा दिवा लावून वर पितळी वाटी उपडी धरायची. हे दिवसा करायचं, दारं-खिडक्या लावून. रात्री दिव्यावर किडे झेपावतात आणि आपण ज्यासाठी हे करतो तेच बुडतं. काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटायची. गाळलेलं पाणी घ्यायचं, भांडं झाकलेलं ठेवायचं, आणि लागेल तेवढीच करायची. एक लवंग टाकली की वास येत नाही. थोडी तपकिरी-काळी हवी असेल तर हिरड्याची पूड उकळून, गाळून त्यात चिमूटभर हिराकस. ही शाई सुंदर दिसते, पण हिराकस जास्त झालं तर काही वर्षांनी कागद खाते, म्हणून बेताने. युट्यूबवर बीट आणि कांद्याच्या सालीचे रंग दाखवतात. ते आपल्या घरात कुठून येणार? पिवळ्यासाठी मी वाळलेली हळद वापरते. उन्हात फिकी पडते, पण कार्ड काही उन्हात ठेवायचं नसतं.

बाजारचीच शाई हवी तर क्रमांक वाचा, कंपनीला ईमेल करून लाख आणि जिलेटिनबद्दल विचारा. मी दोन ठिकाणी विचारलं. एकाकडून सरळ उत्तर आलं, दुसऱ्याकडून आलंच नाही. जिथून आलं नाही त्यांचा माल मी घेत नाही. ब्रश नायलॉनचा घ्या. तो प्लॅस्टिकचा असतो, हे मी लपवत नाही. पण एकच घ्या, धुऊन जपा, दहा वर्षं वापरा. चकमकी पूड तर घेऊच नका. ती मोरीतून सरळ खाडीत जाते, आणि आपल्या नवी मुंबईची खाडी किती जिवांचं घर आहे हे हिवाळ्यात नेरूळच्या बाजूला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना सांगायला नको.

चिकटवायला सरस नको, तो जनावरांचाच. पांढरा डिंक चालतो. गव्हाच्या पिठाची खळ चांगली, पण पावसाळ्यात तिला बुरशी धरते आणि कसर लागते. बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात तो किडे मारायलाच. तेव्हा भाद्रपदात खळ करूच नका. फोमची पट्टीही लागत नाही. जुन्या पुठ्ठ्याचे छोटे तुकडे खाली लावले की थर तसाच उचलला जातो.

एवढं सगळं करून माझी कार्डं पूर्वीइतकी झकपक होत नाहीत. बक्षीस नक्कीच मिळणार नाही. आणि मला वाटतं मूळ दुखणं तिथेच आहे. दशधर्मात क्षमेनंतर लगेच मार्दव येतो. मान गळल्याशिवाय क्षमा टिकत नाही. आणि आपण क्षमेच्या कार्डांची स्पर्धा लावतो! क्षमा मागण्यात पहिला नंबर, दुसरा नंबर, उत्तेजनार्थ!

आता शेवटचं, जे लिहू की नको असा आठवडाभर विचार केला.

वर्कशॉपच्या त्या वर्षी मी एकूण पंचेचाळीस कार्डं केली होती. त्यात सांगलीच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंचं, अक्कांचं, नव्हतं. सासूबाई गेल्यानंतर त्यांच्या पाटल्यांवरून आमचं बिनसलं होतं. चार वर्षं बोलणं नव्हतं. पाटल्या कोणाकडे गेल्या हा प्रश्न वेगळा, पण त्या दिवशी भरल्या घरात मी अक्कांना म्हणाले होते की तुम्ही आत्यांची सेवा पाटल्यांसाठी केलीत. ज्या बाईने सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं, तिला. मी इथे नवी मुंबईत होते. महिन्यातून एकदा जात होते.

त्यांनाही फोनवर तेच कमळाचं चित्र गेलं होतं, दर वर्षी. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणायचे, बघा, मी तर क्षमा मागितली!

ब्रशाच्या त्या प्रकारानंतर मी अक्कांसाठी एक कार्ड केलं. एकच घडी, एकच थर, जुन्या पत्रिकेचा. घरच्या शाईने लिहायला बसले तेव्हा कळलं की “जाणते-अजाणतेपणी” हे शब्द किती सोयीचे आहेत. मी जाणूनच बोलले होते. म्हणून तेच लिहिलं. काय बोलले ते शब्दशः लिहिलं, ते खोटं होतं असं लिहिलं, आणि क्षमा मागितली. तीन ओळींना तीन संध्याकाळी लागल्या. पाटल्यांचा विषय काढला नाही.

महिनाभर काही आलं नाही. मग निर्वाण लाडवाच्या दिवशी सकाळी फोन वाजला. अक्का म्हणाल्या, “कार्ड मिळालं. तू तिकडे लाडू चढवलास का?” बस, एवढंच. मग आम्ही लाडवाबद्दल बोललो. पाटल्यांवर अजून बोललेलो नाही. बोलू कधीतरी, नाहीतर नाहीही. पण यंदा दशलक्षणात मी दोन दिवस सांगलीला जाणार आहे.

म्हणून मैत्रिणींनो, माझी विनंती एवढीच. यंदा पन्नास कार्डं करू नका. पाच करा. ज्यांचा खरंच अपराध केला आहे त्या पाच जणी, पाच जण निवडा. घरकाम करणाऱ्या ताईंना आपण काय बोललो, सुनेला काय बोललो, हे आठवून त्यांची नावं आधी लिहा. शाई कसली, ब्रश कोणाचा, हे विचारा. आणि आत छापील वाक्य चिकटवू नका, नेमकं काय चुकलं ते लिहा. मंडळाला वर्कशॉप घ्यायचंच असेल तर मी यायला तयार आहे, फुकट. किट नको, बक्षीस नको. जुन्या पत्रिका घेऊन या.

या लिखाणात कोणाचं मन दुखावलं असेल तर तेवढ्यासाठी क्षमा मागते. जे लिहिलं आहे ते मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.